एकदा तरी अडकायला हवं होतं

डेलमार प्रूइट दर शनिवारी दुपारी चार वाजता आमच्या दुकानामागच्या मातीच्या बांधावर सहा गोळ्या झाडायचा. एका छोट्या, चपट्या पिस्तुलातून, एकापाठोपाठ एक. मी आत काउंटरवर बसून मोजायचे. दोन गोळ्यांच्या मधे जरा जास्त वेळ गेला की माझा हात असेल तिथे थांबायचा. मग पुढची वाजायची. सहा झाल्या की तो आत येऊन पायपुसण्यावर बूट घासायचा आणि मी न विचारताच सांगायचा, "नाही अडकलं."

हे सतरा वर्षं चाललं. दुसऱ्या कुणी ऐकलं असतं तर म्हणाला असता, वा, काय भरवशाचं पिस्तूल. रोज खिशात बाळगायला पिस्तूल घेणारा माणूस आणखी मागतो काय? पण आम्हा दोघांना ते एकदा तरी अडकायला हवं होतं. फक्त एकदा. तेवढ्यासाठी तो स्वतःच्या पैशाची गोळी आणि मी माझा शनिवार जाळत होतो.

डेलमार मूळचा आमच्या बर्डेटचाच. अठराव्या वर्षी तो इथल्या बुटांच्या कारखान्यात लागला आणि कारखाना बंद पडेपर्यंत तिथेच होता. दक्षिण मिझुरीत एके काळी गावागणिक असे कारखाने होते, सगळे गेले. शेवटच्या दिवशी हातात एक पुठ्ठ्याचं खोकं घेऊन तो सरळ आमच्या दुकानात आला आणि माझ्या नवऱ्याला, वेनला म्हणाला, मला बंदुकीतलं फार कळत नाही, पण माणसाला काय बसतं ते कळतं. वेननं त्याला ठेवून घेतलं. दोन वर्षांनी वेन हृदयविकारानं गेला आणि दुकान, त्यातली पोटं पेंढ्यानं भरलेली दोन हरणं आणि डेलमार, असं सगळं माझ्या गळ्यात पडलं. मी कागदपत्रं बघायचे, सरकारी फॉर्म भरून घ्यायचे, गिऱ्हाइकावर काही गुन्हा नाही ना, या चौकशीचा फोन करायचे. विकायचं काम त्याचं.

आणि विकायचा कसा, तर बूट विकावेत तसा. गिऱ्हाईक आलं की तो आधी त्याचे हात बघायचा. बोटं किती लांब, अंगठ्याच्या मुळाशी किती मांस, सांधे सुजलेत का. मग विचारायचा, दिवसभर अंगावर कपडे कुठले असतात? गाडीत किती तास बसता? खाली वाकता का? त्यानंतर काउंटरवरच्या हिरव्या चटईवर तीन पिस्तुलं मांडायचा, तीनच. चौथं मागितलं की म्हणायचा, आधी या तिघांशी भांडून घ्या. अगदी लहान पिस्तूल खिशात छान बसतं, पण हातात बसत नाही, झाडलं की उसळतं, आणि माणूस सराव सोडून देतो. मोठं हातात छान बसतं, पण कमरेला टोचतं, म्हणून चार दिवसांनी घरच्या कपाटात जाऊन पडतं. त्याचं म्हणणं, घरी ठेवलेलं पिस्तूल म्हणजे नसलेलंच. ज्या प्रकारच्या गोळ्या रोज भरणार तसल्या दोनशे गोळ्या त्यातून एकदाही न अडकता गेल्या पाहिजेत, मगच ते खिशात. आणि त्या खिशात दुसरं काही नाही. किल्ली नाही, सुटे पैसे नाहीत, पेपरमिंट तर नाहीच नाही.

बायकोला पिस्तूल घ्यायला एकटेच येणारे नवरे म्हणजे त्याचं हक्काचं गिऱ्हाईक. एक गृहस्थ सगळ्यात चिमुकल्या पिस्तुलावर बोट ठेवून म्हणाले होते, हे तिला शोभेल. डेलमार त्यांना म्हणाला, "शोभायला हवं असेल तर दागिन्यांचं दुकान समोर आहे. आमच्याकडे घ्यायचं तर तिला घेऊन या आणि तुम्ही बाहेर ट्रकमधे बसा." ते गृहस्थ चिडून गेले आणि आठवड्यानं खरंच बायकोला घेऊन आले.

हा झाला पूर्वीचा डेलमार. तेव्हा तो बॅप्टिस्ट चर्चच्या गायकांत खालच्या पट्टीत गायचा, मासे तळायचा कार्यक्रम असला की कढईपाशी उभा राहून सगळ्यांच्या फिरक्या घ्यायचा. मलाही सोडायचा नाही. कोरिन स्टॅमी आली ती त्या दिवसांत.

कोरिनची गावात केस कापायची एक खुर्ची होती, दुसरीच्या पार्लरमधे भाड्यानं घेतलेली. अठ्ठावीसची असेल. आत आली तेव्हा तिच्या अंगाला केस कुरळे करायच्या त्या औषधाचा उग्र वास येत होता, आणि काखेत तीनेक वर्षांची मुलगी. नवऱ्याला, लायलला, तिनं वसंतात सोडलं होतं. कोर्टानं त्याला लांब राहायचा हुकूम दिला होता, आणि तो हुकूम खिशात घालून लायल रोज पार्लरसमोर ट्रक लावून बसत होता. हे सगळं गावाला माहीत होतं. तिनं एवढंच सांगितलं की तिला असं काहीतरी हवंय जे तिच्या कामाच्या झग्याच्या खिशात राहील आणि दिसणार नाही.

डेलमारनं तिला तासभर दिला. तिचे हात लहान, पण कात्रीनं घट्ट झालेले. तीनपैकी ते चपटं पिस्तूल तिला बसलं. पोरीला मी काउंटरवर बसवून खारी बिस्किटं देत होते; ती माझ्या चष्म्याची साखळी ओढत होती, पेनाचं टोपण तोंडात घालत होती, हाताला लागेल ते खेचत होती. आणि म्हणून, निव्वळ तिच्याकडे बघून, मी कोरिनला म्हणाले, "घरात लेकरू आहे ना गं? मग नळीत गोळी ठेवू नकोस. मॅगझिन भरलेलं असू दे, नळी रिकामी. वेळ आली तर वरची स्लाइड मागे ओढायची, की गोळी वर येते. त्याला कितीसा वेळ लागतो?"

हे वाक्य माझं होतं. डेलमारचं नव्हे. डेलमार तेव्हा खोक्यावरचा नंबर वाचत होता. त्यानं मान वर करून नुसतं "हं" केलं. सल्ला काही वेडगळ नव्हता. आमच्या इकडे कितीतरी घरांत असंच करतात, आणि मी आयुष्यभर जी वाईट बातमी ऐकत आले ती लेकराच्या हाती पिस्तूल लागल्याची. ही दुसरी बातमी मी तोवर ऐकली नव्हती.

पाच आठवड्यांनी, ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सकाळी आठ वाजता, कोरिन पोरीला आजीकडे सोडायला म्हणून घरातून निघाली. लायल अंगणात उभा होता. तिच्या डाव्या कडेवर पोरगी होती. उजव्या हातानं तिनं पिस्तूल बाहेर काढलं, हे शेजारणीनं पाहिलं. मग तिनं ते छातीशी, पोरीच्या पाठीशी, कुठेतरी दाबून धरलं आणि नुसती झटत राहिली, असं शेजारीण म्हणाली. स्लाइड ओढायला दोन हात लागतात. तिचा एक हात पोरीभोवती होता. पोरीला खाली टाकली असती तर हात मोकळा झाला असता. तिनं टाकली नाही. लायलच्या गोळ्या तिला लागल्या आणि पोरगी तिच्या हाताखाली सुखरूप सापडली. लायल तुरुंगात गेला आणि तिथेच मेला, त्याच्यावर मला याहून जास्त शब्द खर्च करायचे नाहीत.

गावानं ठरवून टाकलं की पिस्तूल अडकलं. वर्तमानपत्रात 'चाललं नाही' असं आलं, आणि न चालणं आणि अडकणं यात कोण फरक करतो? माणसं येऊन आम्हाला विचारायची, तेच का हो ते, भिकार? मी "हो" म्हणायचे आणि ते मॉडेल मागवायचं बंद करून टाकलं. ज्या कारखान्यानं ते बनवलं त्यांना कधी कळलंही नसेल की मिझुरीतल्या एका गावात त्यांचं नाव आम्ही मातीत घातलं. पण शेरिफच्या माणसानं आम्हा दोघांना काउंटरपाशीच हळू आवाजात सांगितलं होतं: मॅगझिन भरलेलं, नळी रिकामी.

तीन आठवड्यांनी डेलमार मला म्हणाला, "ओपल, मी तिला ते सांगायला नको होतं."

मी म्हणाले, "काय?"

"नळी रिकामी ठेव म्हणून."

तो अगदी मनापासून म्हणत होता. त्याच्या डोक्यात ते वाक्य त्याच्याच आवाजात बसलं होतं. मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात हरणांच्या हंगामाचे परवाने विचारत दोघं जण आत आले. मी त्यांच्याकडे वळले. किती बरं वाटलं मला त्या दोघांना बघून, ते आजही आठवतं आणि लाज वाटते. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. मग आठवड्यानं. मग वर्ष उलटल्यावर आता कशाला, असं म्हटलं. आणि एकदा त्याच्या खांद्यावर ते बसलंय म्हटल्यावर माझे खांदे हलके होते, हेही खरं.

खटला संपल्यावर कोरिनची आई ते पिस्तूल एका प्लास्टिकच्या पिशवीतून घेऊन आली आणि काउंटरवर ठेवून म्हणाली, तुमचं तुम्हाला. डेलमारनं ते स्वतःच्या नावावर करून घेतलं आणि त्या दिवसापासून तेच खिशात बाळगू लागला. शनिवार सुरू झाले ते तेव्हा. त्याचं म्हणणं असं होतं: समजा कोरिननं स्लाइड ओढलीच असेल. गुडघ्यावर, पट्ट्यावर, कशावर तरी अडकवून एका हातानं ओढलीच असेल, आणि पिस्तुलानंच गोळी वर उचलली नसेल. तर मॅगझिन भरलेलं आणि नळी रिकामी अशीच सापडेल की नाही? सापडेल. छोट्या पिस्तुलांत होतं असं कधीकधी. मग त्यानं एकदा तरी, फक्त एकदा, आपल्या हातात तसं करून दाखवावं. म्हणजे दोष त्या लोखंडाचा ठरेल.

पण ते लोखंड कसलं इमानी. पावसात, बर्फात, जुलैच्या उकाड्यात पहिली गोळी अशी वर यायची जशी बशीत ठेवून दिली. एक वर्ष त्यानं ते पुसलंच नाही, तरी चाललं. जुनी, मऊ झालेली स्प्रिंग घालून पाहिली, चाललं. दोनदा गोळी नुसती खट करून राहिली, आणि मी आतून धावत बाहेर गेले. दोन्ही वेळा त्यानं ती गोळी तळहातावर घेऊन पाहिली आणि मान हलवली. "गोळीच मेलेली होती. पिस्तुलानं तिला जागेवर नेली होती. हे धरायचं नाही." दुसरा कुणी ते धरून मोकळा झाला असता. त्याला खोटं सुटायचं नव्हतं.

चर्चचं गाणं सुटलं. आवाज बसला म्हणाला, पण बोलताना बसलेला दिसायचा नाही. काउंटरच्या तिसऱ्या काचेपाशी, जिथे कोरिन उभी राहिली होती, तिथे तो कधी कोपर टेकायचा नाही. वळसा घालून जायचा. त्याची बायको, लव्हॉन, पाच वर्षं हे बघत राहिली आणि मग स्प्रिंगफील्डला बहिणीकडे निघून गेली. जायच्या आधी मला भेटली. म्हणाली, आमच्या घरात तीन माणसं राहतात, मिस ओपल, आणि त्यातल्या एकीला मी जेवायला वाढू शकत नाही. मी तिला कॉफी दिली. खरं काय ते तेव्हा सांगितलं असतं तर कदाचित ती थांबली असती. मी साखर किती विचारलं.

माझंही काही फार वेगळं चाललं नव्हतं. दुपारी दुकान रिकामं असलं की मला त्या कुरळे करायच्या औषधाचा वास यायचा. उग्र, नाकात जाणारा. मी दारं उघडायचे, जमिनीला पाइनचं तेल लावून पुसायचे. एकदा डेलमारला विचारलं, तुला कसला वास येतो का? त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाला, "तुलाही येतो होय." आणि मग आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

आणि ती गोणी. कोरिन गेली त्या हिवाळ्यात त्यानं कोंबड्यांच्या खाद्याची एक गोणी रिकामी केली, तीत मक्याचं पीठ भरलं, तोंड शिवलं आणि काउंटरखाली ठेवली. तेव्हापासून रोज बाळगायला पिस्तूल घेणाऱ्या प्रत्येकाला ती डाव्या कडेवर घ्यावी लागायची आणि मग रिकामं पिस्तूल एका हातानं, स्लाइड ओढून, तयार करून दाखवावं लागायचं. काउंटरच्या कडेवर घासून, पट्ट्यात अडकवून, कसंही. जमलं नाही तर तो म्हणायचा, मग हे पिस्तूल तुमच्यासाठी भरवशाचं नाही, ते कितीही चालो. गावात हसायचे. डेलमारची भाकरी म्हणायचे त्या गोणीला. एकदा तो जेवायला गेला असताना मी ती धान्याच्या काट्यावर ठेवली. तीस पौंड. तो यायच्या आत मी ती पुन्हा जागेवर ठेवली.

या वर्षी ऑक्टोबरात, एका गुरुवारी सकाळी, एक उंच मुलगी आत आली. केस मागे करकचून बांधलेले, अंगात नर्सिंगवाल्या पोरी घालतात तसा निळा पोशाख. म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांची शुश्रूषा करायचं काम तिला लागलं होतं, मैलन्‌मैल कच्च्या रस्त्यानं एकटीनं जायचं. रोज जवळ राहील असं लहानसं पिस्तूल हवंय म्हणाली. भरवशाचं. कालच एकवीस पूर्ण झाली, त्याआधी दुकानातून घेता येत नव्हतं. इतक्या वर्षांच्या गोळीबारानं डेलमारला ऐकू येणारा कान उरलाय एकच, आणि तोही अर्धा, पण हात बघायला कान लागत नाहीत. त्यानं तिचे हात पाहिले आणि खूश झाला. तीन पिस्तुलं मांडली. नेहमीचं व्याख्यान सुरू केलं, पेपरमिंटसकट. ती हसली.

मी गाडीचा परवाना बघायला मागितला. तिनं काचेवरून माझ्याकडे सरकवला. स्टॅमी, ब्रिन.

मी डेलमारला डोळ्यांनी खुणावायचा प्रयत्न केला. त्याचं लक्ष नव्हतं. तो वाकून गोणी काढत होता.

"ही डाव्या कडेवर घे, बाळ. आणि आता एका हातानं मधलं ते तयार करून दाखव. गोळी नाही त्यात, मी दोनदा बघितलंय."

तिनं गोणी घेतली. कडेवर नीट बसवली, जरा वर उसळवली, लेकराला उसळवतात तशी. मग पिस्तूल हातात घेऊन काउंटरच्या कडेला लावलं, आणि तशीच थांबली.

"किती वजन आहे हिचं?"

"तीस पौंड," डेलमार म्हणाला.

"डॉक्टरांच्या कागदात माझं एकतीस लिहिलंय," ती म्हणाली. "त्या सप्टेंबरात."

डेलमारला तेवढ्या एका कानानं ते ऐकू गेलं. त्यानं परवान्याकडे पाहिलं, मग तिच्या चेहऱ्याकडे, आणि चटईवर दोन्ही हात टेकले. तिनं गोणी हळूच खाली ठेवली आणि पाठीवरच्या पिशवीतून एक घडी केलेला कागद काढला. शेरिफच्या कचेरीतला अहवाल. सज्ञान झाल्यावर मागून घेतला होता. आजीनं तिला आयुष्यभर सांगितलं होतं की पिस्तूल अडकलं. कागदात तसं नव्हतं.

"माझी आई काळजी घेणारी होती," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "रिकामं ठेवणं तिच्या मनानं आलं नसणार. कुणीतरी सांगितलं असणार. मला भांडायचं नाहीये. मला फक्त कोण ते हवंय."

"मी," डेलमार म्हणाला.

लगेच म्हणाला. जराही थांबला नाही. अठरा वर्षं तो या प्रश्नाची वाट बघत असावा, आणि कुणीतरी विचारला म्हणून त्याला सुटल्यासारखं वाटलं असावं. त्याचा चेहरा मी पाहिला आणि मला कळलं की आता गप्प राहिले तर हे इथे संपेल. ती त्याला काहीतरी बोलेल, कदाचित माफही करेल, तो रडेल, आणि मी फॉर्म भरीन. माझ्या हातात पेन होतं. तेच, बहुतेक, चघळलेल्या टोपणाचं. मी काही टाकून देत नाही.

"नाही," मी म्हणाले. "तो खोकं बघत होता. सांगितलं मी."

डेलमार माझ्याकडे वळला. आधी त्याला वाटलं मी त्याला वाचवतेय. तसं त्याच्या तोंडावर आलंही. मग मी सगळं सांगितलं. खारी बिस्किटं, चष्म्याची साखळी, त्याचं ते नुसतं "हं". तो ऐकत गेला आणि त्याच्या नजरेत ती सकाळ हळूहळू जागच्या जागी बसत गेली. मला ते बघवत नव्हतं, पण मी नजर काढली नाही. एवढं तरी मी त्याचं देणं लागत होते.

ब्रिननं मला एकच विचारलं. "तिनं काही विचारलं होतं का? तुम्ही सांगितल्यावर?"

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. स्वतःलाही सांगितलं नव्हतं म्हटलं तरी चालेल.

"विचारलं होतं. 'मिस ओपल, तेवढा वेळ मिळेल ना?'"

"आणि तुम्ही?"

"मी म्हणाले, मिळेल की."

तिनं कागदाची घडी केली. बराच वेळ करत होती, चारदा, पाचदा, कागद घडी घेईनासा होईपर्यंत. मी तिला म्हणू शकले असते की तू सगळं ओढायचीस, गोळी नळीत असती तर कदाचित तूच राहिली नसतीस. हे मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले आणि ते मला कधी पुरलं नाही. तिच्यापुढे ठेवायला जीभ वळली नाही. डेलमारनं खिशातून ते चपटं पिस्तूल काढलं, मॅगझिन काढून, नळी रिकामी करून चटईवर तिच्यापुढे ठेवलं.

"तुझ्या आईचं आहे," तो म्हणाला. "एकदाही अडकलं नाही. मी खूप वाट पाहिली."

"मला नको," ती म्हणाली.

त्यानं ते तसंच, बोटानं ढकलत, काचेवरून माझ्यापुढे आणलं. पंचवीस वर्षं तो मला ओपल म्हणत आलाय, अगं-तुगं करत आलाय. तेव्हा म्हणाला, "हे तुम्ही ठेवा, मिस ओपल."

बस एवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नोकरी सोडून गेला नाही. ब्रिन पुढच्या आठवड्यात पुन्हा आली आणि त्यानं तिला तिन्हींतलं मधलं दिलं, बांधावर उभं राहून दोनशे गोळ्या मोजून घेतल्या, गोणी कडेवर घेऊन एका हातानं तयार करायला शिकवलं. तिला पंधराव्यांदा जमलं तेव्हा तो हसला. मी खिडकीतून पाहिलं. त्याला हसताना पाहून किती वर्षं झाली ते मला मोजता येईना. माझ्याशी कामापुरतं बोलतो. ऐकलंय की लव्हॉनला फोन केला.

आणि शनिवारी चारला तो कोट घालून घरी गेला. मी काउंटरवर बसून राहिले. चार वाजले, सव्वाचार झाले. बाहेर काही वाजलं नाही. इतकी शांतता त्या दुकानात मी कधी ऐकली नव्हती, आणि त्या शांततेत तो उग्र वास आला, अगदी जवळून, तिसऱ्या काचेपाशी कुणी उभं असावं तसा. मी दार उघडलं नाही.

ते पिस्तूल घेऊन मी बांधावर गेले. भरलेलं मॅगझिन आत सरकवलं, डेलमारला ते करताना मी हजारदा बघितलंय. मग स्लाइड धरली आणि मागे ओढली. माझं वय एकाहत्तर आहे, अंगठ्याचे सांधे गेली आठ वर्षं सुजलेले आहेत, बरणीचं झाकण उघडायलाही मी डेलमारला हाक मारते. मी पाय रोवले, पिस्तूल पोटाशी धरलं, दात आवळले आणि पुन्हा ओढली. मग पुन्हा. माझ्या कडेवर काही नव्हतं. समोर नुसती माती होती आणि वेळ हवा तेवढा होता. दोन्ही हात मोकळे होते, तरी ती स्लाइड मागे सरली नाही.